जुन्या महिंद्रा पिकअपमध्ये दुसरे इंजिन बसवताना

तासगावच्या द्राक्षबागांत, वाळव्याच्या उसाच्या फडांत आणि कोरेगावकडच्या आल्याच्या शेतांत महिंद्राच्या जुन्या जीप-पिकअप आजही खते, क्रेट आणि ठिबकच्या नळ्या वाहताना दिसतात. अशा गाडीची चॅसिस शाबूत असते, गिअर बॉक्स अजून दहा वर्षे सहज काढील असा असतो, पण इंजिन ऑइल खाऊ लागलेले असते आणि चढ आला की काळा-निळा धूर सोडून दम टाकते. बोअरिंग (झिजलेले सिलिंडर कापून मोठे करणे) एकदा-दोनदा होऊन गेलेले असले किंवा ब्लॉकलाच तडा गेला असला, तर दुसरे इंजिन बसवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. इंजिन उचलून जागेवर बसवायला एक दुपार पुरते. बाकीचे सारे दिवस मोजण्यात आणि जुळवण्यात जातात, आणि ते वाचवायला जाणाऱ्यांची गाडी पुढे महिनाभर शेडमध्येच उभी राहते. म्हणून हे काम पावसाळ्यात, गाडीला फारसे काम नसताना काढावे. कारखान्यांची धुराडी पेटल्यावर किंवा द्राक्षाची छाटणी सुरू झाल्यावर काढलेले काम घाईत उरकले जाते.

आधी आरसी, मग इंजिन

बॉनेट उघडण्यापूर्वी आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, उघडावी. तीवर इंधनाचा प्रकार, इंजिनची घनक्षमता आणि इंजिन क्रमांक लिहिलेला असतो, आणि जुन्या महिंद्राच्या बाबतीत नुसत्या घनक्षमतेवरून मूळ इंजिन ओळखता येते. १९४७ साली मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केलेल्या या कंपनीच्या गाड्यांत दीर्घकाळ हरिकेन हे पेट्रोल इंजिन होते. त्याची घनक्षमता २१९९ घनसेंटिमीटर. पुढे प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन आले, ज्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३ मिलिमीटर, म्हणजे २११२ घनसेंटिमीटर. ज्याला सगळे नुसते ‘डीआय’ म्हणतात, त्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर असून घनक्षमता २५२३ येते. आरसीवर २११२ आणि बॉनेटखाली डीआय असा प्रकार आढळला, तर आधीच्या एखाद्या मालकाने नोंद न करता इंजिन बदललेले आहे आणि तो गुंता आधी सोडवावा लागणार आहे, हे समजून चालावे.

माझा सल्ला सरळ आहे: आरसीवर जे इंजिन आहे त्याच प्रकारचे बसवावे. प्यूजो इंजिन सुरू होताना हीटर प्लगवर अवलंबून असते, तर डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारले जात असल्याने ते हीटरशिवाय सुरू होते आणि डिझेलही कमी पिते. त्यामुळे ‘डीआयच टाका’ असे गॅरेजमध्ये हमखास सांगितले जाते. तथापि दुसऱ्या प्रकारचे इंजिन म्हटले की बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअर बॉक्स जोडणारे कवच), फ्लायव्हील, माउंटिंग, सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरचे होस आणि वायरिंग या सर्वांचा प्रश्न उभा राहतो, शिवाय नोंदीचा वेगळाच. पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन घालणे हा तर निराळाच विषय असून तो या लेखाच्या बाहेर ठेवला आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकरणाची मान्यता घ्यायची असते, आणि मान्यतेविना इंजिन बदलले गेले असेल तर चौदा दिवसांच्या आत ते कळवून आरसी नोंदीसाठी सादर करायची असते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमतीही लागते. एमएच-१० असेल तर सांगली, एमएच-११ असेल तर सातारा आणि एमएच-५० असेल तर कराडच्या कार्यालयात आधी एक चक्कर मारून कोणता अर्ज आणि किती शुल्क हे विचारून घ्यावे. फिटनेसची मुदत किती उरली आहे आणि पर्यावरण कर भरला आहे का, हेही त्याच चकरेत पाहावे. मुदत संपत आलेल्या गाडीवर पैसे घालण्यापूर्वी हा हिशेब झालेला बरा.

इंजिन निवडताना

भंगारातून काढलेले किंवा रीकंडिशन केलेले इंजिन घेताना दोन गोष्टी तपासायच्या असतात: कागद आणि लोखंड. कागद म्हणजे पक्के बिल, त्यावर इंजिन क्रमांक, आणि ज्या गाडीतून ते निघाले त्या गाडीच्या आरसीची प्रत. ब्लॉकवर क्रमांकाची जागा घासलेली, वेल्डिंगने भरलेली किंवा आकडे एका रेषेत नसलेली दिसली, तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी हात लावू नये.

लोखंडाची परीक्षा शक्य असेल तर इंजिन चालू करून घ्यावी. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर फडफडत धूर आणि वारा बाहेर येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजलेले आहेत. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसले तर पाणी आत उतरते आहे. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजावेत. आकडा २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या पुढे असावाच, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा अधिक फरक नसावा. इंजिन चालू करण्याची सोय नसेल, तर क्रँक पुलीला गोटी पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावेत, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांतच चारही सिलिंडरांचे चक्र पूर्ण होते. फिरताना कुठे अडखळल्यासारखे झाले तर हेड उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पुली पुढे-मागे ढकलून क्रँकची हालचाल पाहावी. डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी ती हलत असेल तर थ्रस्ट वॉशर गेलेले आहेत.

तिसरा मार्ग म्हणजे आपलेच इंजिन मशीन शॉपमध्ये देऊन नवे करून घेणे. सांगलीच्या माधवनगर रस्त्यापासून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचे कसबी कारागीर आहेत. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिल्यापासून या पट्ट्याला लोखंड कापण्याची सवय लागलेली आहे आणि ती अजून सुटलेली नाही. वेळ असेल तर मी हाच मार्ग निवडीन, कारण इंजिन क्रमांक बदलत नाही आणि आरसीला हात लावावा लागत नाही. पण पुढची माहिती दुसरे इंजिन आणलेल्यांसाठी आहे.

जुने इंजिन उतरवणे

गाडी सपाट, शक्यतो कोबा केलेल्या जागेवर उभी करावी आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसराचे ठोकळे लावावेत. इंजिन आणि त्याभोवतीची जागा डिझेल व ब्रशने धुऊन घ्यावी, कारण चिखलाखाली दडलेला एक बोल्ट तासभर खातो. धुतल्यावर मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो काढावेत. वायरींना चिकटपट्टी लावून तीवर पेनने लिहावे, आणि प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवावेत. सगळे बोल्ट एका पाटीत टाकणारा मिस्त्री शेवटी चार बोल्ट उरवतोच.

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. मग बिजागरीच्या जागी खडूने खूण करून बॉनेट उतरवावे, पाणी आणि ऑइल काढावे, रेडिएटर सोडवून बाजूला ठेवावा. डिझेलचे पाइप सोडताच त्यांची तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधावीत, कारण पंपात गेलेला वाळूचा एक कण नव्या इंजिनलाही नोझलच्या दुरुस्तीला बसवतो. ॲक्सिलरेटरची वायर, इंजिन बंद करण्याची केबल, सेल्फच्या आणि डायनॅमोच्या वायरी, ऑइल प्रेशर व तापमानाच्या जोडण्या, क्लचची जोडणी असे एकेक सोडवत जावे. सायलेन्सर पाइपचे नट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवावेत. एवढे करूनही ते सुटत नसतील तर ज्योतीने गरम करावेत, मात्र डिझेलची गळती पुसल्याशिवाय ज्योत पेटवू नये.

फोर-व्हील गाडीत गिअर बॉक्सच्या मागे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केसही असल्याने तो सारा संच एकत्र काढण्यापेक्षा इंजिन तेवढेच पुढे ओढून काढणे सोपे जाते. त्यासाठी गिअर बॉक्सखाली जॅक आणि लाकडी ठोकळा देऊन त्याचा भार पेलून धरावा, बेल हाउसिंगचे खालचे बोल्ट आधी आणि वरचे दोन सर्वांत शेवटी काढावेत.

अशा लोखंडी डिझेल इंजिनचे वजन सहज दोनशे किलोंच्या पुढे जाते. आपल्याकडे चिंचेच्या फांदीला किंवा शेडच्या अँगलला चेनपुली अडकवून इंजिन उचलण्याची रीत आहे, आणि ती मोडून काढली पाहिजे. पत्र्याच्या शेडचा अँगल पत्रा पेलण्यासाठी असतो. विहिरीचा पंप काढण्यासाठी वापरतात तशी जाड पाइपची तिपाई भाड्याने मिळते. तिला किमान एक टन क्षमतेची चेनपुली लावावी आणि पायांना घसरू नये म्हणून खालून साखळी बांधावी. इंजिन लोंबकळत असताना त्याच्याखाली हात, पाय किंवा डोके कुणीही घालू नये.

दोन्ही इंजिने शेजारी ठेवून

आता येणारा अर्धा दिवस सर्वांत मोलाचा असतो. जुने आणि नवे इंजिन टायरवर किंवा लाकडी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवावे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताडून पाहावे. ऑइल संपचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) फुगवटा पुढे आहे की मागे? मागे हवा तो पुढे असेल, तर खड्ड्यात पुढचा एक्सल वर आला की संपवर आदळेल. माउंटिंगची ब्रॅकेट त्याच भोकांवर बसतात का? सेल्फ त्याच बाजूला आहे का आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात तितकेच आहेत का? डिपस्टिक त्याच संपसाठीची आहे का? चुकीच्या डिपस्टिकने ऑइलची खोटी पातळी दाखवून चांगली इंजिने मारलेली आहेत. पुली, पंख्याची पाती आणि पाण्याच्या पंपाची लांबीही ताडावी, नाहीतर पंखा रेडिएटरला घासतो.

जे जुळत नाही ते याच वेळी जुन्या इंजिनवरून काढून नव्यावर चढवावे. इंजिन गाडीबाहेर असताना मागचे ऑइल सील, संपचे पॅकिंग, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेवरचे गंजलेले पत्र्याचे झाकण बदलून घ्यावे. हे सुटे भाग फारसे महाग नाहीत. पण तेच काम इंजिन आत बसल्यावर निघाले तर पुन्हा तिपाई उभी करावी लागते.

क्लच

फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक चिरा किंवा चर असतील तर ते लेथवर फेस करून घ्यावे. त्याच्या मध्यभागी असलेला पायलट बुश नवा घालावा. हा छोटासा बुश गिअर बॉक्सच्या क्लच शाफ्टचे टोक पेलतो आणि तो झिजला की गिअर खरखरतात. क्लच प्लेट उलटी बसवण्याची चूक अनुभवी मिस्त्रीकडूनही होते. साधारणपणे स्प्रिंगांचा उंच भाग गिअर बॉक्सकडे राहतो. प्लेटवर बाजू छापलेली असेल तर तेच प्रमाण मानावे. प्लेट नेमकी मध्यावर आणण्यासाठी एखाद्या निकामी गिअर बॉक्सचा क्लच शाफ्ट हत्यार म्हणून वापरावा, आणि तो आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत. रिलीज बेअरिंग नवेच घालावे. प्लेटला ग्रीसचा हात लागू देऊ नये.

इंजिन आत उतरवणे

चेन अशी बांधावी की इंजिनचे मागचे टोक किंचित खाली राहील. एक जण चेनपुलीवर, एक जण इंजिनपाशी आणि एक जण गाडीखालून गिअर बॉक्सचा जॅक सांभाळायला, अशी तीन माणसे लागतात आणि बोलणारा एकच असावा. क्लच शाफ्ट प्लेटच्या दातांत शिरत नसेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, ट्रान्स्फर केसचा दांडा न्यूट्रलला नाही याची खात्री करून, प्रोपेलर शाफ्ट किंवा क्रँक पुली हाताने किंचित फिरवावी. दात जुळताच इंजिन आपोआप सरकते. ब्लॉक आणि बेल हाउसिंग यांच्यात फट उरलेली असताना बोल्टने ओढून ती बुजवण्याचा मोह होतो. असे केल्यास प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. फट हाताच्या दाबाने बुजत नसेल तर कुठेतरी काहीतरी अडकले आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन मागे घेऊन पाहावे. त्याचप्रमाणे शाफ्ट आत शिरल्यावर इंजिनचा भार त्यावर लोंबू देऊ नये.

बेल हाउसिंगचे बोल्ट आधी, माउंटिंगचे नंतर, अशा क्रमाने घालून माउंटिंग सध्या सैलच ठेवावेत. पहिल्यांदा इंजिन चालून ते आपल्या जागी बसले की मग ते पक्के करावेत. माउंटिंगची रबरे जुनी असतील तर ती वापरू नयेत.

जोडण्या, विशेषतः अर्थिंग

काढलेल्या क्रमाच्या उलट्या क्रमाने सारे जोडावे, फोटो समोर ठेवावेत. यांतील बहुतेक जोडण्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, पण एका वायरविषयी आहे. इंजिन रबरावर बसलेले असल्याने चॅसिसपासून विजेच्या दृष्टीने ते तुटलेले असते, आणि त्या दोहोंना जोडणारी एक जाड विणलेली अर्थिंगची पट्टी असते. माझ्या पहिल्या इंजिनच्या वेळी ती पट्टी डब्यातच राहिली. सेल्फ मारला तेव्हा प्रवाहाने ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढली. केबल तापून तिचे आवरण वितळले आणि इंजिन रेस झाल्यावर पेडल परत येईना. तेव्हापासून गंज खरवडून, स्वच्छ लोखंडावर ती पट्टी मी सर्वांत आधी बसवतो.

पाणी भरताना बोअरचे पाणी टाळावे. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात हे पाणी वर्ष-दोन वर्षांत रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर धरते. आरओचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी आणि त्यात डब्यावर सांगितल्या प्रमाणात कूलंट घालावे. रेडिएटर जुना असेल तर तो आधी रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ) करून घ्यावा. नव्या इंजिनला जुना, तुंबलेला रेडिएटर लावणे म्हणजे आजार तसाच ठेवून रोगी बदलणे होय.

पहिला स्टार्ट

नवीन ऑइल आणि फिल्टर घातल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. बंद करण्याची केबल ओढून, म्हणजे डिझेल तोडून, सेल्फ दहा-पंधरा सेकंद फिरवावा, मिनिटभर थांबावे आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत असेच करावे. मग डिझेलची हवा काढावी: फिल्टरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हाताचा दट्ट्या मारत राहावे, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा, नंतर पंपाचा स्क्रू, आणि शेवटी नोझलकडचे नट किंचित सैल करून सेल्फ मारावा. पंप काढून बसवला असेल तर टाइमिंगच्या खुणा आधीच जुळवलेल्या असाव्यात. या इंजिनांचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे फीलर गेजने तपासलेले असावे.

सुरू करताना हवेच्या तोंडाजवळ प्लायवूडचा एक तुकडा घेऊन कुणीतरी उभे राहावे. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकला तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही सुसाट धावत सुटते, आणि त्या वेळी हवा बंद करणे हाच खात्रीचा उपाय असतो. तोंडावर हाताचा पंजा कधीही ठेवू नये.

इंजिन सुरू होताच काही सेकंदांत ऑइल प्रेशर दिसले पाहिजे, नाहीतर लगेच बंद करावे. सारी गळती पाहून झाल्यावर माउंटिंग आवळावेत. नवे केलेले इंजिन ‘बसण्यासाठी’ रात्रभर आयडलवर चालू ठेवण्याची प्रथा मला मान्य नाही. हलक्या भारावर रिंगा बोअरवर नीट दाबल्या जात नाहीत, बोअरला चकाकी येते आणि इंजिन जन्मभर ऑइल खाते. वीस मिनिटे गरम करून गाडी मध्यम भाराने रस्त्यावर काढावी.

घाट आणि त्यानंतर

सपाट रस्त्यावर पन्नास-साठ किलोमीटर निर्धास्त झाल्यावर मगच घाट घ्यावा. सातारकरांसाठी यवतेश्वरचा आणि वाईकरांसाठी पसरणीचा घाट उत्तम आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीत पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरच्या झाकणाचा दाब नीट धरत असेल तर ही मर्यादा दहा अंशांनी वर जाते, म्हणून जुने झाकण नव्या इंजिनवर ठेवू नये. चढताना तापमानाचा काटा चढून एका जागी थांबला तर ठीक. थांबतच नसेल तर बाजूला उभे करावे, आणि गरम असताना झाकण उघडू नये.

पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत पूर्ण भार आणि वरच्या गिअरमध्ये घरघरत चढणे टाळावे. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावे, मॅनिफोल्ड आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा पाहावेत, आणि हेड गास्केट बनवणाऱ्याने सांगितले असेल तरच हेड पुन्हा आवळावे.

कार्यालयात गाडी दाखवायला नेताना इंजिन क्रमांकाची जागा खरवडून स्वच्छ ठेवावी, कारण तिथे कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला जातो. नवा क्रमांक आरसीवर चढला की विमा कंपनीकडूनही पॉलिसीत तशी दुरुस्ती करून घ्यावी. हे दोन्ही हातात येईपर्यंत जुना ब्लॉक भंगारात देऊ नये, आणि देताना त्याची पावती घेऊन नव्या इंजिनच्या बिलासोबत जपून ठेवावी.